आत्याचं दार आणि कलम नऊ

मी पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा बाबा मला बल्लारशाला रेल्वेत बसवून द्यायला निघाले होते. गावाहून वणीची एसटी, वणीहून पुढची दुसरी, आणि मग ती लांबची गाडी. माझ्याजवळ ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी दिलेली निळी बॅग होती आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. एसटीत आम्हाला डावीकडची सीट मिळाली. मी खिडकीत, बाबा शेजारी. अर्ध्या तासानं आत्याच्या गावचा फाटा दिसायला लागला, तसे बाबा उठले आणि पलीकडच्या बाजूला एका अनोळखी माणसाजवळ जाऊन बसले. तिकडच्या खिडकीतून नुसती पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वावरं दिसत होती.

फाट्यावर आत्या उभी होती. मी आज जाणार हे तिला कोणी सांगितलं, माहीत नाही. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. दोन बाया उतरल्या, एक म्हातारा काठी टेकत चढला. आत्या माझ्या खिडकीपासून चार हातांवर होती, पण ती पुढं आली नाही. मीही हात बाहेर काढला नाही. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलल्यावर बाबा परत माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "भाकरी टायमावर खाऊन घेजो. तशीच नोको ठेवू."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

ही आत्या बाबांची सख्खी मोठी बहीण. आणि ती माझी सासूही होती. आमच्यात मामाची पोरगी आत्याच्या घरी देतात, त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. मी सातवीनंतर शाळा सोडली, कारण आठवीची शाळा लांब होती आणि आईला वावरात हात पाहिजे होता. पुढं पाच-सहा वर्षांनी आत्या एक दिवस आली, चहा प्याली आणि बाबांना म्हणाली, "माही भाची मले देऊन टाक. बाहेरून सून आनली तं मले तिचं मन शिकाव लागीन. हिचं मले पाठ हाये." बाबा हसले. झालं लग्न.

आत्याचा मुलगा गजू. लहानपणी आम्ही तिच्या अंगणात बोरं वेचायचो. तो पुढं वणीकडं कोळशाच्या ट्रकवर लागला, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. त्याच्याबद्दल वाईट सांगावं असं माझ्याकडं फार नाही. त्यानं कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तो फक्त घरी येईनासा झाला. आधी आठवड्यानं यायचा, मग महिन्यानं. मग कळलं की वणीला त्यानं खोली केली आहे आणि खोलीत एक बाई आहे. मला हे आत्यानंच सांगितलं. माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून. दुसऱ्या दिवशी ती कुठूनतरी पायाची जुनी शिलाई मशीन घेऊन आली, बैलगाडीतून. म्हणाली, "थो येते का नाई त्याचा भरोसा नाई. तू हात चालू ठेव." त्या मशीनवर मी गावातल्या बायांचे पोलके शिवायला शिकले. म्हणजे मी आज जे पोट भरते ते शिक्षण मला सासूनं दिलं.

दोन वर्षांनी गजूला त्या खोलीत मुलगा झाला. मग पाच माणसं बसली आणि ठरलं की फारकत करून टाकू, कशाला पोरीला अडकवून ठेवायचं. फारकत म्हणजे आमच्याकडं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी. तालुक्याला कचेरीसमोर एक लिहिणारा बसायचा, त्याच्याकडं सगळा मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच होता. त्यानं नुसती नावं बदलली. आत्या म्हणाली, वाचून दाखवा न भाऊ. त्यानं एका दमात वाचलं, आगगाडीसारखं. शेवटची ओळ अशी होती की आजपासून उभय पक्ष व त्यांचे नातेवाईक यांचा एकमेकांशी कोणताही संबंध राहिला नाही, पुढे राहणार नाही, व कोणीही एकमेकांच्या दारात जाणार नाही.

खाली माझी सही, गजूची सही. माझ्या बाजूनं साक्षीदार बाबा. गजूचे वडील वारलेले, म्हणून त्याच्या बाजूनं आत्याचा अंगठा.

बाहेर आल्यावर आत्या नेहमीप्रमाणं बाबांना म्हणाली, चाल, घरी जेवून जा. बाबा रस्त्यातच थांबले. त्यांनी कागदाची घडी खिशातून काढली, परत ठेवली. म्हणाले, "अक्का, लिहून देलं आपुन. आता नाई येता येत."

बाबांबद्दल इथं थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला ते कठोर वाटतील. आमच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी भांडण होतं, ते माझ्या आजोबांनी जपून ठेवलेल्या एका पिवळ्या कागदामुळं मिटलं. बाबा चौथी शिकलेले. तेव्हापासून त्यांच्यासाठी कागदावरची ओळ म्हणजे ओळ. एका कागदावरचं खरं मानायचं आणि दुसऱ्यावरचं नाही, असं त्यांना जमत नाही. घरात काही वाद निघाला की ते म्हणायचे, "लिहिलं हाये का? मंग संपलं." आम्ही यावर हसायचो.

म्हणून त्या दिवसानंतर बाबा आत्याच्या गावाला गेले नाहीत. त्या गावात दुसऱ्या कोणाचं लग्न असलं तरी गेले नाहीत. आत्याही आली नाही, कारण तिचाही अंगठा होता. मी सहा महिने आईबाबांजवळ राहिले. कोणी मला काही बोललं नाही. पण चुलीजवळ बसलं की मला वाटायचं, मी परत आले आणि येताना बाबांची बहीण त्यांच्यापासून तोडून आले. मग शिलाईच्या ट्रेनिंगची जाहिरात आली, जेवणराहण्यासकट, आणि पुढं तिरुपूरला नोकरी. मी नाव दिलं. लांब आहे म्हणूनच दिलं.

तिरुपूरला आल्यावर पहिल्या दिवशी मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो एका शब्दाचा. इथं कोणत्याही मोठ्या मुलीला, बाईला अक्का म्हणतात. लाइनवर दिवसभर तेच. अक्का, पीस दे. अक्का, धागा संपला. अक्का, साप्टाच्चा, म्हणजे जेवलीस का. बाबा आत्याला अक्का म्हणायचे. आमच्या घरात जो शब्द बंद झाला होता तो इथं मिनिटाला दहा वेळा कानावर पडायचा. आधी मी दचकायचे. मग ओव्हरलॉक मशीनच्या आवाजासारखी त्याचीही सवय झाली.

इथली कंपनी टी-शर्टची. मी बाही जोडते. दिवसाचं टार्गेट असतं, ते झालं की बरं वाटतं, नाही झालं तर रात्री स्वप्नातही बाह्याच जोडते. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सहाजणी. एक राळेगावकडची, दोन ओडिशाच्या, बाकी इथल्याच. सांबार आता आवडतं. भात खाऊन पोट भरतं हे मला तीस दिवसांत पटलं, आईला अजून पटलेलं नाही. फोनवर ती रोज विचारते, भाकर भेटते का तथी.

त्या पहिल्या दिवाळीला मी घरी गेले नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं की आत्याच्या गावची एक बाई बाजारात भेटली होती. तिनं पाहिलं, आत्यानं संध्याकाळी अंगणात पाट मांडला आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. हे तुम्हाला माहीत आहे. आईनं ते बाबांना सांगितलं. मी विचारलं, मग? आई म्हणाली, "कायचं मंग. जेवत होते. ताट सरकवलं, हात धुतले, बैलाले पानी दाखवाले गेले." बैल आधीच पाणी पिऊन बांधलेले होते, असंही आई म्हणाली.

मी फोन ठेवला आणि शिफ्टला गेले. त्या दिवशी टार्गेट पूर्ण झालं.

असं दोन वर्षं चाललं. मग कंपनीनं सगळ्यांचे पीएफचे फॉर्म नव्यानं भरून घेतले. लग्नाच्या रकान्यात मी घटस्फोटित लिहिलं. ऑफिसमधल्या मुलीनं मला बोलावलं आणि कोर्टाची ऑर्डर मागितली. मी बॅगेच्या तळातून प्लास्टिकमध्ये ठेवलेला तो स्टॅम्पपेपर काढून दिला. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा केला, सुलटा केला, कोर्टाचा शिक्का शोधला. मग हळू आवाजात म्हणाली, "इदु कोर्ट इल्ले, अक्का." हे कोर्टाचं नाही.

मला वाटलं, आता मी सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून कामावरून काढतील. पोलीसही येतील असं वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सुई बोटातून आरपार गेली. शेजारची ओरडली, तेव्हा मी खाली पाहिलं. मला काही कळलंच नव्हतं. फर्स्टएडच्या खोलीत तीच ऑफिसमधली मुलगी आली, बँडेज होईपर्यंत थांबली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली की रविवारी हॉस्टेलच्या हॉलमध्ये फुकट कायदेशीर सल्ला देणारे येणार आहेत, त्यातल्या एका मॅडमला हिंदी येतं. हे तिला सांगायची काही गरज नव्हती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, पण रोज देवाजवळ घेते.

रविवारी मी कागद घेऊन रांगेत बसले. हिंदी येणाऱ्या मॅडमनी मला ओळ न् ओळ वाचून अर्थ सांगायला लावला. मग म्हणाल्या, "ये तलाक नहीं है. कानून में आप अभी भी शादीशुदा हैं." मी बरं म्हटलं. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. मी परत बरं म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो, पगार असला तरी मिळतो, तिथं जा. दोघांची मर्जी असेल तर आधी काय-काय ठरलं ते नीट लिहून घ्या, मग दोघं मिळून अर्ज करा. चिठ्ठीवर त्यांनी सगळं लिहून दिलं.

त्या रात्री मी गजूचा विचार केला नाही. मी एवढाच विचार करत होते की हा कागद जर काहीच नसेल, तर त्याच्यातली शेवटची ओळही काहीच नाही. सकाळी बाबांना फोन केला. सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या हातानं सई केली न आपुन? मंग कागद तं कागद हाये."

सुट्टी टाकून मी गावी गेले, आणि बाबा माझ्यासोबत यवतमाळला आले. कोर्टाच्या आवारात मोफत मदतीचं ऑफिस शोधायला आम्हाला तासभर लागला, कारण विचारायची दोघांनाही भीती वाटत होती. तिथं एक अर्ज भरून घेतला, आणि ज्या वकील मॅडम दिल्या त्या पन्नाशीच्या, चष्म्याच्या. त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ होतं. मी तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "आधी पाणी प्या. घाई नाही." कोर्टासारख्या जागी कोणी मला घाई नाही असं म्हणेल हे मला वाटलं नव्हतं.

त्यांनी सगळं विचारलं. कधीपासून वेगळे राहता, मूल आहे का, अंगावरच्या दागिन्यांचं काय, पोटगीचं काय. मी सगळ्याला नको, नको म्हणत गेले. मॅडमनी पेन ठेवलं. म्हणाल्या, नको म्हणा, तुमची मर्जी, पण काय नको म्हणताय ते आधी समजून घ्या. आणि त्यांनी एकेक हक्क समजावून सांगितला, मला सातवीच्या बाईंनी सांगितलं असतं तसा. सगळं ऐकून मी परत नकोच म्हटलं. पण आता ते माझं नको होतं. शिलाई मशीनचं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ती राहू द्या तिथंच, आत्या त्याच्यावर गोधड्या शिवते. त्या म्हणाल्या, मग तसं लिहिते. लिहिलं, कलम सहा.

बाबा टोपी मांडीवर धरून बसले होते. मॅडमनी जुना स्टॅम्पपेपर वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या की कायद्याच्या दृष्टीनं हा कागद काहीच नाही.

बाबा म्हणाले, "काईच नाई कसा, बाई? तीन वर्ष पाळला मी थो."

मॅडमना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की माझी सासू यांची बहीण आहे. आणि फाट्याचं सांगितलं, चंद्राचं सांगितलं. सांगताना माझा आवाज अगदी सपाट होता, जसा मी कंपनीत माझा टोकन नंबर सांगते. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

त्या म्हणाल्या, काका, नवरा-बायकोच्या कागदात बाकीचे नातेवाईक येतच नाहीत.

"मंग पह्यल्यात काहून आले?"

"ज्यानं लिहिलं त्यानं न विचारता लिहिलं."

"तं तुमी इचारून लिहा," बाबा म्हणाले. "लेकीची सुटका करा, त्याले माही ना नाई. पन कागदानं बंद केलेलं दार तोंडानं खुलत नाई."

मॅडम म्हणाल्या, असं कलम मी तीस वर्षांत लिहिलेलं नाही. कोर्ट हसेल कदाचित. मग म्हणाल्या, हसू दे.

सह्यांच्या दिवशी आत्या आणि गजू आले. आत्या इतकी लहान दिसत होती. ती मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बसली, बाबा दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा होती, आणि तिथं खरंच दोन अनोळखी माणसं येऊन बसली. आत्यानं बाबांकडं पाहिलं नाही. कागद झालेला नव्हता ना.

गजू माझ्याजवळ येऊन उभा राहिला. डोळ्यांच्या कडेला कोळशाची काळी रेघ तशीच, धुऊन न जाणारी. त्यानं विचारलं तिकडं लय गर्मी असते म्हणतात, खरं का. मी म्हटलं, आपल्यापेक्षा कमीच. मी विचारलं मुलगा काय करतो. म्हणाला, पळते आता, पडते, परत पळते. मग त्यानं आणखी काही बोलायला सुरुवात केली, त्याचा चेहरा वेगळा झाला, आणि मी घाईनं विचारलं की ट्रक तोच आहे की बदलला. तो म्हणाला, बदलला. मला त्याची माफी तेव्हा नको होती. घेऊन ठेवायला माझ्यात कुठं जागाच नव्हती. आजही आहे की नाही माहीत नाही.

मॅडमनी सगळ्यांना आत घेतलं आणि मजकूर सावकाश वाचला. प्रत्येक कलमानंतर थांबून आमच्या तोंडाकडं बघायच्या. कलम नऊ शेवटचं होतं. उभय पक्षांच्या घटस्फोटाचा पत्नीचे वडील व पतीची आई यांच्या बहीण-भावाच्या नात्यावर कोणताही परिणाम होणार नाही, त्यांचे एकमेकांच्या घरी येणे-जाणे पूर्वीप्रमाणे राहील, व त्यास दोन्ही पक्षांची हरकत नाही.

आत्या म्हणाली, "पुन्हा एकडाव वाचा न बाई, थे शेवटचं."

मॅडमनी पुन्हा वाचलं. मी सही केली. गजूनं केली. आत्यानं आपला अंगठा पुढं केला, तेव्हा मॅडम म्हणाल्या की यावर तुमच्या अंगठ्याची गरज नाही. आत्याला ते आवडलं नाही. तोडताना लागला आणि जोडताना नाही, हे कसं, असं ती गजूला पुटपुटली. मग मॅडमनी तिला साक्षीदार केलं आणि बाबांनाही. दोघांची नावं खाली एकाखाली एक आली.

आत्या शाईचं बोट पदराला पुसत म्हणाली, "झालं का? आता बोललं तं चालते याच्यासंगं?"

"आजी, तेव्हाही चालत होतं," मॅडम म्हणाल्या.

बाबा टोपीकडं बघत होते.

"तवा कोनं सांगतलं नाई," आत्या म्हणाली. मग ती बाबांच्या पायांकडं वाकून बघायला लागली. "टाचंची भेग तशीच हाये का रे तुही?"

"हाये," बाबा म्हणाले.

"मेन लावत जा म्हन्तलं होतं. चष्मा लावून कागद वाचते, पाय पाह्यत नाई सोताचे."

बाबांनी पाय चपलेत नीट सरकवला, शाळेतल्या पोरासारखा. बाहेर येऊन आम्ही चौघांनी एकाच टपरीवर चहा प्यायला. टपरीवाल्याला वाटलं असेल, एक घर कुठल्यातरी कामाला आलं आहे. ते तसं होतंही.

त्यानंतर कोर्टात अर्ज लागला, मधली मुदत गेली, मी परत सुट्टी टाकून दुसऱ्या तारखेला गेले. जजसाहेबांनी दोघांना विचारलं, मर्जीनं ना? आम्ही हो म्हटलं. साहेब कागद चाळताना एका ठिकाणी थांबले आणि चष्म्यावरून त्यांनी मागच्या बाकाकडं पाहिलं, जिथं बाबा आणि आत्या शेजारी-शेजारी बसून एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. हसले नाहीत. पान उलटलं. काही वेळानं मी मोकळी झाले. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. मी मॅडमचे पाय धरले, त्यांनी धरू दिले नाहीत. मग भूक लागली.

हे सगळं मी तुमच्यासाठी लिहिते आहे, माझ्यासोबत आलेल्या पोरींनो, आणि जिच्या पेटीत असा प्लास्टिकमधला कागद असेल तिच्यासाठी. लाज वाटू देऊ नका. जा आणि विचारा. विचारायला काही लागत नाही, आणि ऐकून घेणारं माणूस निघतं. माझ्याच बॅचमधल्या दोघींनी मला हळूच सांगितलं की त्यांच्याकडंही असाच आहे. आणि तिकडं गावात राहिलेल्यांनो, सही करायच्या आधी सावकाश वाचायला लावा. हसतील तर हसू द्या.

परत निघाले तेव्हा बाबा नेहमीसारखे सोडायला निघाले. एसटीत बसलो, मी खिडकीत, ते शेजारी. त्यांच्या मांडीवर एक लहान पिशवी होती. कंडक्टर आला तेव्हा ते म्हणाले, "वनीचं एक द्या. आन फाट्याचं एक."

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते समोर बघत होते. म्हणाले, "जाशीन न एकटी? तुले तं आता सारं माईत झालं." मी हाव म्हटलं.

फाट्यावर आत्या उभी होती. या वेळी ती सरळ खिडकीपाशी आली आणि कापडी पिशवी आत ढकलली. जवसाची चटणी होती, अजून गरम. मी विचारलं, आत्या, त्या खेपेला पिशवीत काय होतं? ती म्हणाली, "चटनीच होती. मंग मीच खाल्ली एकटीनं, दोन महिने." बाबा मागच्या दारानं उतरले आणि म्हणाले, अक्का, हे धर. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. घंटी झाली. फाट्यापासून गाव एक किलोमीटर आत आहे, बसमधून ते दिसत नाही. दिसते ती फक्त वाट, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. त्या वाटेवर ती दोघं चालायला लागली, आत्या पुढं, बाबा मागं, आणि आत्या काहीतरी बोलत होती. दोघांपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.

कंपनीचा फॉर्म मी नव्यानं भरला आहे. कायमचा पत्ता या रकान्यात बाबांच्या गावाचं नाव आहे, ते बरोबरच आहे. पण हॉस्टेलमध्ये कोणी घर कुठं म्हणून विचारलं की मला ते गाव डोळ्यांसमोर येत नाही, आत्याचंही येत नाही. ती एक किलोमीटरची वाट येते. त्या वाटेच्या गावाकडच्या टोकाला मी आता सून नाही, फाट्याच्या टोकावरून वर्षातून एकदा जाते.

पोचले त्या दिवशी ओडिशाच्या पोरीनं विचारलं, तुला सोडायला कोण आलं होतं?

मी म्हटलं, बाबा आले होते. फाट्यापर्यंत.